नाव कुणाचं, हात कुणाचा: फ्रेंच सजावटकलेतली एक जुनी अडचण

 

'आर्ट डेको' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्हच्या गोलसर बाल्कन्या येतात, नाहीतर चर्चगेटचं इरॉस. 2018 साली मुंबईच्या या इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यामुळे हा शब्द आता आपल्याला घरचाच वाटतो. गंमत अशी की ज्या पॅरिसमधल्या प्रदर्शनावरून तो आला, त्या 1925च्या प्रदर्शनात वस्तू मांडणाऱ्यांना आपण 'आर्ट डेको' नावाच्या शैलीत काम करतोय हे ठाऊकच नव्हतं. शैलीचं नाव म्हणून तो शब्द रूढ झाला चाळीस वर्षांनी. 1966 साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने त्या काळावर एक प्रदर्शन भरवलं, 1968 साली बेव्हिस हिलियरचं पुस्तक आलं, आणि मग संग्राहक, दलाल, लिलावघरं सगळ्यांच्याच तोंडी तो बसला.

म्हणजे नाव मागाहून चिकटलं. आज आम्हाला बोलायचंय ते मागाहून चिकटणाऱ्या नावांबद्दलच. फ्रेंच सजावटकलेवर जे लिहिलं जातं त्यात दोन घराणी कल्पिलेली असतात. एक ऐषआरामी, सुंदर लाकडाचं, श्रीमंतांसाठी घडवणारं. दुसरं आधुनिक, पोलादी नळ्यांचं, सर्वांसाठी घडवणारं. पहिलं हरलं, दुसरं जिंकलं, असा निकालही ठरलेला. आमचं म्हणणं असं की ही वाटणी वस्तूंच्या आकारावरून केलेली आहे. ती वस्तू कागदावर कुणी काढली, प्रत्यक्ष कुणी घडवली आणि विकत कुणी घेतली, हे विचारलं की दोन्ही घराणी एकमेकांच्या ओसरीवर बसलेली दिसतात.

जरा मागे जाऊ. पडद्यावर जे मेज दिसतंय ते पंधराव्या लुईसाठी केलेलं, वरचं झाकण गोल फिरून बंद होणारं. आज ते व्हर्सायला आहे. 1760 साली ते करायला घेतलं झां-फ्रांस्वा ऑबेन याने. 1763 साली तो वारला. काम पूर्ण केलं त्याच्याच कार्यशाळेतल्या रीझनेरने, 1769 साली. मधल्या काळात रीझनेरने ऑबेनच्या विधवेशी लग्न केलं आणि कार्यशाळाही चालवायला घेतली. मेजावर लाकडाच्या जडावात सही आहे ती रीझनेरची. आणि हे दोघेही मूळचे जर्मन! फ्रेंच सुतारकामाचा मुकुटमणी म्हणून जी वस्तू दाखवतात, ती दोन जर्मन कारागिरांची, आणि त्यातल्या एकाचंच नाव तिच्यावर.

त्या काळी पॅरिसच्या सुतारसंघाचा नियम होता की उस्तादाने आपल्या कामावर नावाचा ठसा मारायचा. ग्राहकाला चांगला माल मिळावा म्हणून तो नियम. पण ठसा उस्तादाचा असे, हाताखालच्या माणसांचा नव्हे. शिवाय या दोघांच्या वर एक तिसरा माणूस होता, व्यापारी. संघाच्या नियमाप्रमाणे त्याला स्वतः काही घडवायची मुभा नव्हती, पण कुठली वस्तू कशाला जोडायची हे तोच ठरवी. जपानी लाखकामाच्या पेट्या आणि पडदे फोडून त्यांच्या पातळ फळ्या फ्रेंच कपाटांवर बसवायच्या, ही कल्पना या व्यापाऱ्यांची. आजच्या भाषेत 'डिझायनर' कुणाला म्हणायचं असेल तर बऱ्याचदा यांनाच म्हणावं लागेल. क्रांतीनंतर, 1791 साली, कारागिरांचे संघच मोडीत निघाले. ठशाची सक्ती गेली. एकोणिसाव्या शतकाचा बराचसा भाग जुन्या राजांच्या शैलींच्या नकला करण्यात गेला, तो आपण आज सोडून देऊ.

आता 1925. हे प्रदर्शन खरं तर दहा वर्षं आधीच व्हायचं होतं. त्याच्या मागे एक धसका होता. 1910 साली म्युनिकच्या मंडळींनी पॅरिसमध्ये येऊन आपल्या सजवलेल्या खोल्या मांडल्या, आणि फ्रेंच सजावटकारांच्या लक्षात आलं की हे लोक एकमेकांशी बोलून, कारखान्यांशी हातमिळवणी करून काम करतात. आपण मात्र सुटे सुटे. मग युद्ध आलं, प्रदर्शन पुढे ढकललं गेलं. अखेर एप्रिल 1925 मध्ये ते उघडलं तेव्हा त्यात जर्मनी नव्हताच. नियम असा होता की जुन्या शैलींची नक्कल चालणार नाही, वस्तू आधुनिकच हवी. पॅरिसच्या चार मोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सनी स्वतःचे मंडप उभारले होते, प्रत्येक दुकानाचा स्वतःचा सजावट-विभाग आणि त्यावर नेमलेला कलावंत. गालरी लाफायेतकडे मोरिस द्युफ्रेन, बाँ मार्शेकडे पोल फोलो. मध्यमवर्गाला हप्त्याहप्त्याने का होईना नवं घर सजवायची स्वप्नं दाखवणारी ही दुकानं. सजावटकलेच्या इतिहासात त्यांना आजही चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

गर्दी मात्र होत होती ती एमिल-झाक रूलमानच्या मंडपाला. 'एका संग्राहकाचं घर' असं त्याचं नाव. वास्तू प्येर पातूची, जाळीकाम एदगार ब्रांदचं, चांदीची भांडी झां प्युइफोर्काची, भिंतीवर झां द्युपाचं पोपट आणि स्त्रियांचं मोठं चित्र. आणि या सगळ्यांना एका सुरात आणणारा रूलमान.

रूलमानबद्दल पहिली गोष्ट ही की तो सुतार नव्हता. 1879 साली पॅरिसमध्ये जन्मला, वडिलांचा धंदा घरांची रंगरंगोटी, वॉलपेपर आणि आरसे बसवण्याचा. तो छोट्या वह्यांमध्ये रेखाटनं करी. सुरुवातीला ती पॅरिसमधल्या जुन्या कार्यशाळांकडून घडवून घेई. स्वतःची कार्यशाळा त्याने काढली ती 1923च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर. पाहा हा पाय. मकासर आबनुसाचा, वर जाड, खाली निमुळता होत गेलेला, आणि कपाटाच्या कोपऱ्याखाली नाही तर कोपऱ्याच्या बाहेर चिकटवल्यासारखा. टोकाला हस्तिदंताची लहानशी टोपी. एवढं जड कपाट इतक्या बारीक टोकावर उभं आहे हे बघताना जीव वरखाली होतो. कुठे पाकट माशाची कातडी ताणून बसवलेली, कुठे आंबोयनाच्या गाठींचं विनिअर. विनिअरचं काम ज्यांनी कुणी घरी करवून घेतलंय त्यांना ठाऊक आहे की सपाट फळीवरसुद्धा ते कसं फुगतं. इथे ते बाकदार पृष्ठावर आहे, आणि शंभर वर्षांनंतरही सांधा सापडत नाही.

या वस्तूंवर डाग देऊन उमटवलेलं नाव आहे: रूलमान. तो सांधा ज्याने बसवला त्याचं नाव नाही. पण रूलमानच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्याने कधी खोटं सांगितलं नाही. आपण श्रीमंतांसाठी करतो, चालीरीत वरून खाली झिरपते, असं तो उघड म्हणे. 1933 साली मरताना त्याची इच्छा अशी होती की हातातली कामं पुरी करा आणि कंपनी बंद करा. मी नसताना माझा ठसा कुणी मारू नये. पुतण्या पोर्तनव्ह याने पुढे काम केलं ते स्वतःच्या नावाने. आजकाल मेलेल्या डिझायनरच्या नावाने वर्षानुवर्षं चपला, चष्मे आणि सुगंध विकले जातात. त्यापुढे हे वागणं आम्हाला फार सभ्य वाटतं.

आता त्याच प्रदर्शनाच्या एका कोपऱ्यात ल कोर्बुझिएचा मंडप होता. मधोमध झाड, ते तोडायची परवानगी नाही म्हणून छताला भोक पाडून वर जाऊ दिलेलं. आत तयार विकत मिळणाऱ्या खुर्च्या, सरळ कपाटं, नक्षी शून्य. त्याच वर्षी त्याचं सजावटकलेवरचं पुस्तक आलं, आणि त्याचा सूर थोडक्यात असा की आजची सजावटकला म्हणजे सजावट नसलेली वस्तू. चार वर्षांनी, 1929 साली, रोबेर माले-स्तेव्हन्स, फ्रान्सिस झुर्दँ, रने अर्ब्स्त वगैरे मंडळी सजावटकारांच्या जुन्या संस्थेतून बाहेर पडली आणि त्यांनी 'आधुनिक कलावंतांचा संघ' स्थापला. इथपासून दोन घराण्यांची गोष्ट सुरू होते.

या गोष्टीत आयलीन ग्रे बसत नाही. म्हणून तिच्यापाशी आपण जरा थांबू.

ग्रे आयर्लंडची, 1878चा जन्म. पॅरिसमध्ये तिला भेटला सेइझो सुगावारा, जपानी लाखकामाचा कारागीर. तो 1900च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आला आणि तिथेच राहिला. आता 'लाख' म्हणताना आपली गफलत होते. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची आपली लाख किड्याची. ही जपानी लाख झाडाच्या चिकाची. हा चीक उन्हात वाळवून चालत नाही, तो दमट हवेत घट्ट होतो. एक थर द्यायचा, दमट खोलीत दिवसचे दिवस ठेवायचा, घासायचा, मग पुढचा. असे वीस-वीस थर, कधी त्याहून जास्त. आणि ओल्या चिकाने कातडीवर पुरळ उठतं. ग्रेच्या हातांनाही तो त्रास झाला. म्हणजे ही बाई वहीत रेखाटून दुसऱ्याकडून करवून घेणारी नव्हती, तिचे स्वतःचे हात त्या चिकात होते. सुगावारा वर्षानुवर्षं तिच्यासोबत काम करत राहिला. झां द्युनांनेही लाखकाम सुगावाराकडूनच शिकून घेतलं, 1912 साली. पुढे फ्रेंच लाखकामाचा बादशहा म्हणून द्युनांचंच नाव झालं. ज्याने दोघांना शिकवलं त्या सुगावाराचं नाव बहुतेक ठिकाणी तळटिपेत सापडतं.

1922 साली ग्रेने पॅरिसमध्ये दुकान काढलं. त्याचं नाव 'झां देझेर'. असा कुणी माणूसच नव्हता! पाटीवर पुरुषाचं नाव असलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं, हा व्यवहार तिला कळला होता. दुकान 1930 साली बंद पडलं. तोवर ती लाखेकडून नळ्यांकडे, काचेकडे आणि वास्तुरचनेकडे वळली होती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्र्युनला तिने झां बादोव्हिचीसोबत जे घर बांधलं, त्याचं नाव ई-1027. ई म्हणजे आयलीन, 10 म्हणजे दहावं अक्षर जे, 2 म्हणजे बी, 7 म्हणजे जी. दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली. त्यातलं ते वर-खाली होणारं गोल टेबल तुम्ही नक्की पाहिलं असणार. त्याच्या नकला आज गल्लोगल्ली मिळतात. पलंगाखाली पाय सरकवायचा, काच उचलायची, अंथरुणात बसून न्याहारी करायची.

ग्रे ते घर सोडून गेल्यानंतर, 1938 आणि 1939 साली, ल कोर्बुझिएने तिच्या भिंतींवर चित्रं काढली. तिला न विचारता. सजावट नको म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या कोऱ्या भिंती रंगवाव्यात, याला काय म्हणावं? मोठ्या माणसाची लहर म्हणून हा प्रकार बरेचजण हसून सोडतात. आम्ही तो सोडणार नाही. त्या चित्रांमुळे पुढे कित्येक वर्षं लोक ते घरच ल कोर्बुझिएचं समजत आले. चित्र ही इथे सहीच ठरली, रीझनेरच्या सहीसारखी. फरक इतकाच की रीझनेरने निदान उरलेलं काम तरी केलं होतं.

ग्रेचं नाव परत वर आलं ते कुणा समीक्षकाच्या न्यायबुद्धीने नव्हे, लिलावाने. झाक दूसे या शिंप्या-संग्राहकाने तिचा लाखेचा पडदा पहिल्या महायुद्धाआधी विकत घेतला होता. 1972 साली दूसेचा संग्रह विक्रीला निघाला, भाव कडाडले, आणि 94 वर्षांच्या ग्रेचा पत्ता पत्रकार शोधू लागले. 1976 साली ती गेली. 2009 साली तिची ड्रॅगनच्या हातांची खुर्ची 2 कोटी 19 लाख युरोंना गेली.

शार्लोत पेरियांचं थोडक्यात सांगतो. 1903चा जन्म. शिकली ती सजावटकारांच्याच शाळेत, द्युफ्रेनच्या हाताखाली. हे तिचे भक्त विसरतात. 1927 साली ल कोर्बुझिएकडे काम मागायला गेली तर इथे उशांवर भरतकाम होत नाही असं ऐकून परतली. मग त्याने तिचं सलोंमधलं काम पाहिलं आणि बोलावून घेतलं. 1928ची ती प्रसिद्ध आरामखुर्ची, नळीच्या कमानीवर झुलणारी, तिच्या, ल कोर्बुझिएच्या आणि प्येर झान्रेच्या नावावर आहे, पण अनेक दशकं लोक ती एकट्या ल कोर्बुझिएचीच म्हणत. नळीचं काम म्हणजे स्वस्त काम, असा आपला समज असतो. तसं नव्हतं. तेव्हा ती खुर्ची महाग होती आणि फारशी खपली नाही.

मग घेतली कुणी? इथे आपल्याला इंदूरला जावं लागतं. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 ते 1933च्या दरम्यान तरुण जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउसकडून माणिकबाग राजवाडा नव्याने करवून घेतला. सामान युरोपातून जहाजाने आलं. अभ्यासिकेत रूलमानची आबनुसी मेजं. शयनगृहात सोन्यो आणि अलिक्स यांचे धातू-काचेचे पलंग. आयलीन ग्रेची 'त्रान्सात' खुर्ची. चांदी प्युइफोर्काची, गालिचे दा सिल्व्हा ब्रुन्सचे. आणि पेरियां मंडळींची ती आरामखुर्ची, बिबट्याचं कातडं घालून!

दोन्ही घराणी एका छताखाली, एकाच गिऱ्हाइकाच्या पैशाने. महाराजांची रसिकता उत्तमच होती, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. विशीतल्या माणसाने इतकं धीट घर करणं सोपं नाही. पण सर्वांसाठी म्हणून मांडलेली वस्तू बिबट्याच्या कातड्यासह राजवाड्यात पोचते, तेव्हा जाहीरनामे थोडे बाजूला ठेवून किंमतीची चिठ्ठी वाचावी. 1980 साली माणिकबागेतलं हे सामान मोनाकोत लिलावात विकलं गेलं. वाड्यात आता केंद्र सरकारचं कर-खात्याचं कार्यालय आहे. 2019 साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. म्हणजे पॅरिसची वस्तू इंदूरला येऊन पुन्हा पॅरिसला, आता काचेमागे.

मग सर्वांसाठी खरंच कुणी केलं का? आमच्या मते त्या पिढीत सगळ्यात जवळ पोचला झां प्रूव्हे. वडील व्हिक्तोर प्रूव्हे नान्सीचे नामांकित सजावटकार, गालेचे स्नेही. मुलगा मात्र लोहारकाम शिकला. 1924 साली नान्सीत स्वतःची भट्टी घातली. सुरुवातीला फाटकं, कठडे, जिन्यांचं काम. म्हणजे हाही त्याच जुन्या घरातला.

त्याची 1934ची खुर्ची बघा. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा भार कुठे येतो? मागच्या पायांवर, पाठ टेकतो तिथे. लहान मूल मागे झोके घेतं तेव्हा मोडतो तोच पाय. म्हणून प्रूव्हेने मागचे पाय पत्रा दुमडून पोकळ, रुंद केले, जिथे भार जास्त तिथे सगळ्यात रुंद. पुढचे पाय साध्या बारीक नळीचे. एवढंच. यात नक्षी नाही, पण रूलमानच्या निमुळत्या पायासारखाच इथेही पाय हाच सगळा मजकूर आहे. एकाचा पाय भार लपवतो, दुसऱ्याचा दाखवतो. युद्धात पोलाद मिळेना तेव्हा हीच खुर्ची त्याने लाकडात केली. शाळा, वसतिगृहं, कचेऱ्या हे त्याचे गिऱ्हाईक.

आणि हे जमलं कारण रेखाटनाचं टेबल आणि पत्रा वाकवायचं यंत्र एका आवारात होतं. 1947 साली त्याने माक्सेव्हिलला कारखाना उभारला. काढायचं, लगेच घडवून बघायचं, मोडलं तर परत काढायचं. कारखाना वाढवायला बाहेरचं भांडवल आलं, अ‍ॅल्युमिनियमच्या धंद्यातलं. भांडवलाबरोबर हुकूमही आला, आणि 1953 साली प्रूव्हे स्वतःच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्यानंतर तो जवळजवळ तीस वर्षं जगला, सल्लागार म्हणून मान मिळवला, 1971 साली पोंपिदू केंद्राच्या निवड समितीचा अध्यक्षही झाला. पण हाताखालचं यंत्र गेलं ते गेलंच. त्याच्या नंतरच्या कामात ती धार आम्हाला दिसत नाही.

शेवटचं चित्र. ही खुर्ची ओळखीची वाटेल: सागवान, वेताची बैठक, उलट्या व्ही अक्षरासारखे पाय. प्येर झान्रे 1951 पासून 1965 पर्यंत चंदिगडला होता, सरकारी कचेऱ्यांसाठी हजारोंनी फर्निचर लागणार होतं, आणि पॅरिसच्या नळ्या इथे परवडणार नव्हत्या. म्हणून इथलं लाकूड, इथला वेत, इथले सुतार. रेखाटनं वेगवेगळ्या कार्यशाळांकडे गेली, त्यामुळे दोन खुर्च्या मापाला तंतोतंत एक नसतात. आराखड्यात युली चौधरींसारख्या इथल्या वास्तुकारांचाही वाटा होता. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्चीवर रचल्या गेल्या, भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या, आणि युरोपात जाऊन झान्रेच्या एकट्याच्या नावाने लाखोंना विकल्या गेल्या.

अशा खुर्चीच्या पाठीमागे बऱ्याचदा रंगाने अक्षरं लिहिलेली असतात: खात्याचं संक्षिप्त नाव आणि सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक. कुणा कारकुनाने ब्रशने ओढलेली. सुताराचं नाव कुठेच नाही. पॅरिसचे दलाल ती अक्षरं जपून ठेवायला सांगतात, पॉलिश करताना पुसू देत नाहीत, कारण खुर्ची अस्सल असल्याचा तोच पुरावा.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.